बडोद्याहून पालम: आधी हरिकेन बघा, मग स्पिटफायर

दिल्लीला गेलेला बडोदेकर लाल किल्ला, कुतुबमिनार आणि चांदनी चौकातले पराठे उरकून परत येतो. त्यातलं एखादं ठिकाण गाळा आणि अर्धा दिवस पालमच्या हवाई दल संग्रहालयाला द्या, हे सांगण्यासाठीच हे लिहितोय. विमानांचं वेड असेल तर बोलायलाच नको. नसलं तरी आपल्याला तिथे जायला खास कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्समध्ये आपल्या गावाच्या नावाची एक स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी होती: १२४ बरोडा स्क्वाड्रन.

बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांनी लढाऊ विमानांसाठी पैसा दिला, त्यावरून हे नाव पडलं. मे १९४१ मध्ये स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाला ही स्क्वाड्रन नव्याने उभी राहिली आणि युद्ध संपेपर्यंत स्पिटफायर ही ब्रिटिश लढाऊ विमानं उडवत राहिली. तिच्या चिन्हावर मुंगूस होतं. पुढे तिच्याकडे खूप उंचावर जाणारी स्पिटफायर आली. त्यातल्या एका जातीची काचेची टोपी जमिनीवरचे लोक बाहेरून बसवून घट्ट करायचे, आतल्या पायलटला ती सरकवून उघडता येत नसे. हे वाचल्यापासून मला त्या टोपीखाली बसलेल्या पोरसवदा माणसाचा विचार सुटत नाही. त्याला बडोदा नकाशात तरी दाखवता आलं असतं का, कोण जाणे.

तेव्हाच्या स्पिटफायर फंडात एका विमानाची किंमत ५,००० पौंड धरत. राजाने दिले म्हणायचे, पण संस्थानची तिजोरी भरायचा तो शेतकरी. आणि इकडे १९४२ मध्ये ‘चले जाव’ सुरू. त्यामुळे अभिमान वाटतो तो जरा अडखळतच वाटतो. मला तर वाटतं, तसाच वाटायला हवा.

आता जायचं कसं. बडोद्याहून रात्री दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्या भरपूर आहेत, जेवून बसलात की सकाळी दिल्ली. संग्रहालय सोमवारी आणि मंगळवारी बंद असतं, बाकीच्या दिवशी साधारण दहा ते पाच. तरीही निघण्याआधी एकदा खात्री करून घ्या, कारण हा हवाई दलाच्या तळाला लागून असलेला भाग आहे, नियम बदलू शकतात. ओळखपत्र प्रत्येकाचं हवं, मुलांचंही ठेवा. मेट्रोने पालमच्या बाजूला उतरून रिक्षा करता येते, मात्र रिक्षावाल्याला ‘एअरफोर्स म्युझियम’ असं ठासून सांगा. नुसतं ‘पालम एअरपोर्ट’ म्हणालात तर तो टर्मिनलवर नेऊन सोडेल. फोटोंचं गेटवरच विचारून घ्या. थंडीत जाणार असाल तर धुक्याने गाडी रखडते हे धरून चाला, उन्हाळ्यात बाहेरचा भाग सकाळीच उरका.

माझ्याबरोबर काका होते. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना युद्धाशी देणंघेणं नव्हतं, “लोखंड बघायला येतो” म्हणाले. आणि खरं सांगू, असाच माणूस बरोबर न्यावा. कोणत्या विमानाने किती शत्रू पाडले हे सांगणारे खूप भेटतात. रिव्हेटची रांग कुठे वाकडी आहे ते दाखवणारा भेटत नाही.

आतल्या दालनात सुरुवातीच्या काळातलं वापिटी आहे. दोन पंखांच्या थरांचं, तारांनी ताणलेलं. १ एप्रिल १९३३ ला कराचीत आपल्या हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली ती अशा चार वापिटींवर. पुढे हरिकेन, स्पिटफायर, टेम्पेस्ट. बहुतेक लोक सरळ स्पिटफायरकडे धावतात. मी म्हणेन, आधी हरिकेनपाशी थांबा.

हरिकेन दिसायला ठोकळा. पाठ फुगलेली, पंख जाड. मागच्या अर्ध्या धडावर पत्रा नाहीच, नळ्यांच्या आणि लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणून रंगवलेलं. गोळी कापडातून आरपार जायची आणि तंबूत बसून ठिगळ लावता यायचं. काका बराच वेळ त्या धडाकडे बघत राहिले, मग म्हणाले, “अरे, हे दुरुस्त करणाऱ्याचा विचार करून बनवलंय. असं काम हल्ली बघायला मिळत नाही.” १९४० च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईत स्पिटफायरपेक्षा जास्त विमानं हरिकेननेच पाडली होती. आणि आपल्यासाठी त्याहून महत्त्वाचं म्हणजे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या पायलटांच्या हातात हेच होतं. १९४४ मध्ये इंफाळला वेढा पडला तेव्हा पुढे हवाई दलप्रमुख झालेले अर्जन सिंग एक नंबरची स्क्वाड्रन घेऊन तिथे होते, हरिकेनवर. डोंगर, पाऊस, जंगलात लपलेली माणसं, आणि त्यांना शोधत खालून उडणारं हे कापडी विमान. त्याच वर्षी त्यांना डीएफसी हे ब्रिटिशांचं शौर्यपदक मिळालं.

मग स्पिटफायर. त्याचं रूप नाकारून चालणार नाही. आर. जे. मिचेल यांच्या कल्पनेतून उतरलेलं हे विमान ५ मार्च १९३६ ला पहिल्यांदा उडालं आणि पुढच्याच वर्षी मिचेल कर्करोगाने गेले. पंख लंबगोल, कुठे संपतात ते कळू नये असे. पालमचं स्पिटफायर नंतरच्या पिढीतलं, ग्रिफन इंजिनाचं, पंख्याला पाच पाती. शेजारी उभं राहिलं की पहिला धक्का बसतो तो त्याच्या लहानपणाचा. चाकं एकमेकांच्या जवळ, नाक छताकडे. जमिनीवर चालवताना पायलटला समोरचं काहीच दिसत नसे, नागमोडी नेत बाजूने बघावं लागे. इंधनाची टाकी त्याच्या पुढ्यात, इंजिनाच्या मागे. आग लागली तर थेट अंगावर.

मला वाटतं ओढ लागते ती इथे. आजच्या लढाऊ विमानासमोर आपण मान वर करून उभे राहतो, त्याचं काम आपल्याला कळत नाही. इथे सगळं कळतं. पाय कुठे ठेवून चढायचं ती जागा दिसते, दांडा ओढला की काय हलेल ते दिसतं, मरण कुठून येईल तेही दिसतं.

शिवाय ही विमानं फक्त साहेबाची राहिली नाहीत. १९४७ च्या नोव्हेंबरात श्रीनगर वाचवताना आपल्या हवाई दलाने स्पिटफायर आणि टेम्पेस्ट वापरली. त्या काश्मीर मोहिमेत महावीर चक्र मिळवणारे हृषीकेश मुळगावकर पुढे हवाई दलप्रमुख झाले. मराठी नाव म्हणून सांगतो, तेवढा हक्क आहे आपल्याला.

दालनातली एक गोष्ट मुलांना दाखवण्याआधी स्वतः बघून ठरवा. जपानचं ओहका, आत्मघाती विमान. पुढे स्फोटकं, मागे रॉकेट, मधे एक माणूस. चाकं नाहीत, कारण परतायचंच नव्हतं. स्पिटफायरच्या प्रेमात पडून झालं की मी मुद्दाम इथे येतो. युद्धाच्या यंत्रांवर भाळणाऱ्याने हेही बघायलाच हवं.

बाहेरचं फार रेंगाळून बघायची गरज नाही, अपवाद फक्त लिबरेटरचा. युद्धानंतर कानपूरला मोडीत टाकलेली ही अमेरिकी बॉम्बर विमानं पुन्हा उडू नयेत म्हणून मुद्दाम नादुरुस्त केलेली होती. एचएएल या आपल्या विमान कंपनीच्या लोकांनी ती दुरुस्त केली आणि आपल्या हवाई दलाने १९६८ पर्यंत वापरली. काकांचा सगळ्यात जास्त वेळ याच्याखाली गेला. सोबत पाणी आणि लीलो चिवडा ठेवा, तो बाहेर आल्यावर खा.

पालममध्ये इंजिनाचा आवाज मात्र मिळणार नाही. तो हवा असेल तर ८ ऑक्टोबरच्या हवाई दल दिनावर नजर ठेवा. त्या निमित्ताने जुन्या विमानांपैकी टायगर मॉथ, हार्वर्ड आणि २०१८ मध्ये दाखल झालेलं ‘परशुराम’ हे डाकोटा उडताना दिसू शकतं. हल्ली हा सोहळा दरवर्षी दिल्लीजवळच होतो असं नाही, म्हणून गाव जाहीर झाल्याशिवाय तिकिटं काढू नका.