नाडी आधी, नातेवाईक नंतर

अंगावरून खूप जात असलेल्या बाईला १०८ च्या गाडीत घेतल्यावर तिला पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, यावर तिचे पुढचे दोन तास ठरतात. आमच्या इंदूरमध्ये तो बहुधा हिंदीत येतो : "साथ में कौन है?" नाहीतर "पति कहाँ हैं?" माझं मत स्पष्ट आहे. हा प्रश्न पहिला तर नसावाच, पहिल्या दहातही नसावा. नाडी, श्वास, शुद्ध, रक्तस्राव किती, पाळी कधी चुकली, काही गोळ्या घेतल्या का, पोटात किंवा खांद्यात दुखतंय का, एवढं विचारून झाल्यावर घरच्यांचा फोन नंबर लिहून घ्यायला कुणाची ना नाही.

गर्भपाताचा हक्क म्हटलं की आपल्याकडे चर्चा कोर्टाच्या निकालांची होते. निकाल महत्त्वाचेच आहेत. पण माझ्या वयाच्या, लग्न न झालेल्या मुलीच्या बाबतीत तो हक्क स्ट्रेचर, गाडीचं दार आणि कॅज्युअल्टीचं टेबल यांच्यामध्येच गळून पडू शकतो. टेबलामागे बसलेल्या माणसाला कायदा माहीत नसतो, किंवा माहीत असून त्याला भीती वाटते.

म्हणून आधी कायदा, थोडक्यात. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा आणि त्यातली मोठी दुरुस्ती २०२१ ची. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं. त्यापुढे गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. संततिनियमनाचं साधन फसल्याचं कारण आता "कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार" अशा शब्दांत आहे. आधी तिथे विवाहित स्त्री आणि तिचा नवरा होता. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांच्या मुभेतून अविवाहित मुलींना वगळता येणार नाही असं सांगितलं. अठरा पूर्ण झालेल्या, मानसिकदृष्ट्या सक्षम स्त्रीच्या बाबतीत संमती फक्त तिची. त्यासाठीचा छापील नमुना म्हणजे फॉर्म सी, आणि त्यावर नवऱ्याच्या सहीची अट नाही. काही ठिकाणी तरीही सही मागतात. ती दवाखान्याची सवय आहे, कायदा नव्हे.

तातडीच्या प्रसंगी सर्वांत मोलाचं कलम आहे पाचवं. बाईचा जीव वाचवण्यासाठी गर्भपात ताबडतोब करणं गरजेचं आहे असं डॉक्टरचं प्रामाणिक मत असेल, तर आठवड्यांची मर्यादा, दुसऱ्या डॉक्टरचं मत, मान्यताप्राप्त जागा यांपैकी कशाचीही वाट बघायची नसते. हे कलम प्रत्येक कॅज्युअल्टीच्या भिंतीवर हिंदीत, मोठ्या अक्षरांत लावावं असं मला मनापासून वाटतं.

आता फोनचं. मध्य प्रदेशात गरोदर बायकांची ने-आण करणारी जननी एक्स्प्रेसही १०८ वरूनच मिळते. त्यामुळे "गरोदर आहे, हॉस्पिटलला न्यायचंय" एवढंच सांगितलं तर जननीची गाडी येऊ शकते. तिचं मुख्य काम ने-आण करणं आहे, वाटेत उपचार करणं नाही. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगा : "खूप रक्त जातंय, चक्कर येतेय, उपचाराची गाडी हवी." फोन उचलणारा माणूस भोपाळच्या केंद्रात असतो. राजवाड्यामागची बोळं किंवा जुनी इंदूरचे उतार त्याला माहीत असण्याची अपेक्षा ठेवू नका. गल्लीचं नाव नुसतं सांगू नका. गाडी जिथवर येऊ शकते तो चौक सांगा आणि तिथे एका माणसाला उभं करा. सराफा बाजारात रात्री, खाण्याची दुकानं लागल्यावर, गाडी आत आणण्याचा हट्टच करू नये. बाईला खुर्चीवर बसवून चौकापर्यंत नेणं जास्त लवकर होतं. बाई बेशुद्ध होत असेल तर मात्र तिला आडवीच ठेवा आणि स्ट्रेचर आत बोलवा.

गाडीत आल्यावर सगळ्यात जास्त फसवतं ते बीपी. पन्नास किलोच्या बाईच्या अंगात साधारण सव्वातीन ते साडेतीन लिटर रक्त असतं. तरुण, धडधाकट शरीर रक्तवाहिन्या आवळून धरतं आणि जवळजवळ एक लिटर जाईपर्यंत वरचं बीपी बऱ्यापैकी राखतं. नाडी मात्र आधीच धावायला लागते. म्हणून दोन्ही आकडे एकत्र बघायचे : नाडीला वरच्या बीपीने भागायचं. उत्तर ०.९ किंवा जास्त आलं तर परिस्थिती गंभीर समजायची. नाडी ११० आणि बीपी १०० असेल तर उत्तर येतं १.१. इथे "बीपी ठीक है" म्हणून गाडी निवांत चालवणं म्हणजे हातातला वेळ घालवणं. त्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, २०१९ ते २१ च्या पाचव्या फेरीत, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय होता. ज्या बाईचं हिमोग्लोबिन मुळातच आठ आहे तिला एक लिटर जाण्याची वाट बघता येत नाही.

करायचं काय, तर जाड सुई, १६ किंवा १८ गेजची, जमल्यास दोन्ही हातांना. रिंगर लॅक्टेटचं सलाइन, ऑक्सिजन, अंगावर पांघरूण, कारण गार पडलेल्या अंगात रक्त नीट गोठत नाही. तोंडाने काही द्यायचं नाही, चहासुद्धा नाही, पुढे भूल द्यावी लागू शकते. बीपी १२० वर नेण्याच्या नादात लिटरमागून लिटर सलाइन चढवायचं नाही. रक्त पातळ होतं आणि धरलेली गाठ सुटते. बाई बोलतेय, मनगटावर नाडी लागतेय, वरचं बीपी ९० च्या आसपास आहे, एवढं दवाखाना येईपर्यंत पुरतं. विसाव्या आठवड्यानंतर तिला डाव्या कुशीवर वळवायचं, कारण पाठीवर झोपवलं की पिशवीच्या वजनाने हृदयाकडे जाणारी मोठी शीर दबते. आणि आत बोट घालून तपासायचं नाही. वार खाली असेल तर त्या एका तपासणीने रक्ताचा लोट येऊ शकतो.

रक्त किती गेलं हे "बहुत गया" अशा शब्दांत लिहून उपयोग नाही. पॅड मोजा. तासाला दोन पॅड पूर्ण भिजणं आणि सलग दोन तास तसंच चालणं, ही धोक्याची खूण. लिंबाएवढ्या गाठी पडत असतील तर तेही लिहा. पडलेला मांसल भाग फेकून न देता स्वच्छ डब्यात डॉक्टरांकडे न्या.

आता गोळ्यांचा प्रश्न, ज्यापाशी सगळं अडतं. गर्भपाताच्या किटमध्ये मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या असतात. नऊ आठवड्यांपर्यंतच, डॉक्टरच्या चिठ्ठीवर. दुसऱ्या टप्प्यातल्या गोळ्या एक ते दोन दिवसांनी घेतल्यावर काही तासांत पोटात कळा येतात, रक्त जातं, आणि ते काही तास जोरात जाणं अपेक्षितच आहे. बिघडतं ते चिठ्ठी आणि सोनोग्राफीशिवाय घेतल्यावर : दिवस जास्त भरलेले असतात, काही भाग आत राहतो, नाहीतर गर्भ पिशवीत नसतोच. गोळ्या घेऊन चोवीस तास उलटल्यावरही १००.४ च्या वर ताप असेल, किंवा स्रावाला घाण वास असेल, तर संसर्ग धरून चालायचं.

मुलगी हे सांगत नाही, कारण गाडीत आई नाहीतर काकू बसलेली असते. म्हणून ईएमटीने, म्हणजे गाडीत उपचार करणाऱ्या कर्मचाऱ्याने, दार लावण्याआधी नातेवाइकांना पुढे, पायलटच्या (ड्रायव्हरच्या) शेजारी बसवावं. मग हळू आवाजात, थेट विचारावं : "गोळ्या घेतल्या असतील तर कोणत्या, किती आणि कधी? उपचारासाठी लागतं म्हणून विचारतेय." चेहऱ्यावर आश्चर्य नको, "अरे बेटा" नको. तिने तरीही नाही म्हटलं तर वाद घालू नये. आपोआप झालेला गर्भपात आणि गोळ्यांनी झालेला गर्भपात यांत रक्तस्राव थांबवण्याचे उपचार तेच आहेत. कबुली हवी म्हणून सलाइन अडवून ठेवणं हा गुन्हाच मानला पाहिजे.

गर्भ पिशवीबाहेर, बहुधा नळीत राहणं, हे शंभरातल्या एकदोन गरोदरपणांत होतं आणि हेच सर्वांत जास्त निसटतं. शेवटची पाळी येऊन सहा ते आठ आठवडे झालेले, बाहेर रक्त थोडंच, पण एका बाजूला पोटात तीव्र कळ, घेरी, आणि खांद्याच्या टोकाला दुखणं. खांदा दुखतो कारण पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला डिवचतं. अशी मुलगी "ॲसिडिटी" किंवा "पाळीचं दुखणं" म्हणून परत पाठवली जाते, आणि लग्न झालेलं नसेल तर लघवीची गर्भचाचणी सांगायलाच लोक लाजतात. पोट दुखून चक्कर आलेल्या, मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईची ती चाचणी व्हावी, लग्नाचा विचार न करता. गोळ्यांचा या गर्भावर परिणाम होत नाही. इथे सोनोग्राफी, रक्तपेढी आणि ऑपरेशन थिएटर तिन्ही असलेली जागाच हवी. देपालपूर किंवा सांवेरकडून येताना मध्ये एखाद्या छोट्या नर्सिंग होममध्ये "एकदा दाखवून घेऊ" म्हणत थांबू नये. इंदूरमध्ये एमवाय हे मोठं सरकारी रुग्णालय आहे, बायकांसाठी एमटीएच आहे. निघतानाच कळवलं तर रक्ताची तयारी आधी सुरू होते. गरोदर बाईला घरून सरकारी दवाखान्यात नेणं, तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवणं आणि परत घरी सोडणं हे २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. डिझेलचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

सही कोणाची, हा वाद ऑपरेशनच्या दारातही होतो. समीरा कोहली खटल्यात, २००८ साली, सर्वोच्च न्यायालयासमोर नेमकं हेच होतं : बाई भुलीखाली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले गेले. न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. सज्ञान बाई शुद्धीत असेल तर तीच सही करते. बेशुद्ध असेल आणि जीव धोक्यात असेल, तर डॉक्टरने जीव वाचवायचा, नातेवाइकांची वाट बघत बसायचं नाही.

वाट बघण्याची किंमत काय असते ते बेळगावच्या सविता हलप्पनवारच्या मृत्यूने जगाला दाखवलं. ऑक्टोबर २०१२, आयर्लंडमधलं गॉलवे, सतरा आठवड्यांची गरोदर, गर्भपात अटळ. गर्भाचे ठोके सुरू आहेत म्हणून गर्भपात करून देण्याची तिची मागणी नाकारली गेली आणि जंतुसंसर्गाने ती गेली. कायदा आडवा आला हे खरंच, पण संसर्गाची लक्षणं वेळेत ओळखली गेली नाहीत हेही चौकशीत निघालं. आयर्लंडने २०१८ मध्ये सार्वमत घेऊन गर्भपातावरची बंदी उठवली. आपल्याकडे ती बंदी नाही. म्हणूनच आपल्याकडे असा मृत्यू झाला तर कायद्याकडे बोट दाखवता येणार नाही.

मुलगी अठराखालची असेल तर ईएमटीने "कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नये. पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं सगळ्यांवर बंधनकारक आहे. २०२२ च्या त्याच निकालाने गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला एक सवलत दिली आहे : मुलीने किंवा पालकाने विनंती केली तर पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. बलात्कार झालेला असेल तर सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही दवाखान्याने ताबडतोब आणि मोफत उपचार द्यायचे आहेत. एफआयआर आधी आणा असं म्हणता येत नाही. गर्भधारणा टाळण्याची १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी बहात्तर तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधंही त्याच बहात्तर तासांत सुरू व्हावी लागतात. गर्भधारणा टाळण्याची ही गोळी १०८ च्या गाडीच्या पेटीत का असू नये, याचं पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

गुप्ततेत मोठं भोक आहे. गर्भपाताच्या कायद्याचं कलम ५ क बाईचं नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद सांगतं. दवाखान्यात तिचं नाव फक्त भरतीच्या नोंदवहीत, बाकी कागदांवर अनुक्रमांक. पण कलमाचे शब्द नोंदणीकृत डॉक्टरपुरते आहेत. गाडीतला ईएमटी, पायलट, वॉर्डबॉय त्यात येत नाहीत, आणि कॅज्युअल्टीच्या दारात "अबॉर्शन का केस है" अशी हाक तिथूनच येते. कलमात "गर्भपातासंबंधी माहिती हाती आलेली कोणतीही व्यक्ती" एवढे शब्द घातले पाहिजेत. तोपर्यंत गाडीच्या कागदावर "योनीमार्गातून रक्तस्राव, अंदाजे आठ आठवडे" एवढंच लिहावं, आणि गोळ्यांची माहिती ड्यूटीवरच्या डॉक्टरला बाजूला घेऊन सांगावी.

शेवटचा मुद्दा तांबीचा. पिशवी साफ करून झाल्यावर तांबी बसवता येते, वैद्यकीयदृष्ट्या ती वेळ चांगली आहे. पण भुलीच्या गुंगीत घेतलेला होकार हा होकार नव्हे, आणि "तांबी बसवून घेशील तरच गर्भपात करू" ही अट कायद्यात कुठेही नाही. विचारायचं असेल तर ऑपरेशनच्या आधी, ती पूर्ण शुद्धीत असताना विचारा. ती नको म्हणाली तर तसं केसपेपरवर लिहा आणि तिला दुसऱ्या साधनांची माहिती देऊन घरी सोडा.