काजव्यांच्या झाडाखाली आमचीच गाडी चमकली

मे च्या शेवटच्या शनिवारी काजवे बघायला भंडारदऱ्याला जाऊन आलो. शनिवारी जाऊ नका असं दरवर्षी सगळे सांगतात आणि दरवर्षी सगळे शनिवारीच जातात, आम्हीपण त्यातलेच. ठाण्याहून जेवून निघालो, कसारा घाट, इगतपुरी, घोटीला चहा-वडापाव, बारी ओलांडताना कळसूबाईचा माथा ढगात होता एवढं आठवतंय, आणि मग शेंडीच्या अलीकडेच गाड्यांची जी रांग लागली ती लागलीच. एमएच झिरो टू, झिरो फोर, ट्वेल्व्ह, फोर्टीन. अर्धी मुंबई, अर्धं पुणं.

वनखात्याच्या नाक्यावर गाडीचा नंबर रजिस्टरला लिहिला, माणसं मोजली, डिकी उघडायला लावली. पुढच्या गाडीतून हा भला मोठा पार्टी स्पीकर निघाला, लाईट मारणारा, तो तिथेच ठेवून घेतला, जाताना न्या म्हणे. त्या गाडीतल्या पोरांची तोंडं बघण्यासारखी होती. आमच्या मागचे काका मात्र पावती हातात घेऊन "पार्किंगचे पण पैसे आणि बघायचे पण पैसे" म्हणून कुरकुरत होते. खरं तर ही पावती पार्किंगची नाहीच. रतनगड, घाटघर, साम्रद, हरिश्चंद्रगड हा सगळा पट्टा 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यात शिरायलाच परवानगी लागते. आपण मात्र त्याला पिकनिक स्पॉट म्हणतो. मीपण म्हणायचो, उगाच कशाला खोटं बोला.

अंधार पडल्यावर गावातला एक पोरगा आमच्याबरोबर आला. गावच्या समितीचा आयकार्ड गळ्यात, शिट्टी, आणि टॉर्चवर लाल जिलेटिन कागद रबरबँडने बांधलेला. पांढरा उजेड पडला की काजवे बंद होतात, लाल त्यांना तेवढा टोचत नाही. गाडी रस्त्याच्या कडेला लावायची, हेडलाईट बंद, फ्लॅश नाही, झाडाखाली जायचं नाही. का, तर नर उडत उडत चमकतात पण माद्या बऱ्याचदा खाली गवतात असतात आणि तिथून उत्तर देतात, आपण सेल्फीसाठी आत घुसलो की त्याच पायाखाली येतात. वर्षभर मातीत अळी म्हणून गोगलगायी खात काढायचं आणि हे सगळं कशासाठी तर पावसाआधीच्या ह्या दोन-तीन आठवड्यांसाठी, त्यात कोणाचा तरी स्पोर्ट्स शू.

आम्ही सगळं पाळलं हां. मोबाईल खिशात, पोरांना दम भरलेला, बायकोने तर घड्याळसुद्धा काढून पर्समध्ये टाकलं. समोर एक जुना सादडा, पूर्ण झाड एका लयीत चमकत होतं, म्हणजे बुंध्यापासून लाट निघून शेंड्यापर्यंत जाते, विझते, एक सेकंद काळोख, परत. माझी मुलगी आयुष्यात पहिल्यांदा दहा मिनिटं गप्प होती. आणि मग मला आठवलं की गाडी लॉक केली नाहीये. खिशातल्या खिशात रिमोट दाबला.

पीप पीप. चारी इंडिकेटर दोनदा, पिवळेधमक. आणि अख्खं झाड विझलं.

दोनशे माणसं तरी असतील त्या वळणावर, सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं, अंधारात काय दिसणार म्हणा, पण वाटलं. एक बाई हळूच "शी" म्हणाल्या. पोरगा जवळ आला, आवाजसुद्धा चढवला नाही. "साहेब, किल्लीनं लावायचं असतंय." बास. तेवढ्यावर सोडलं, मी पैसे काढायला लागलो होतो तर "तुमच्या पैशानं पेटणार हाये का झाड" म्हणाला. बऱ्याच वेळाने एक फांदी लुकलुकली, मग दुसरी.

दंड बघितला तो नंतर, टेंटवर. टेंट शेतात असतात, शेत मालकीचं, त्यामुळे तिथे आलेल्यांना वाटतं की इथे आपलंच राज्य, पण गाव अभयारण्याच्या आतच आहे ना. एका ग्रुपने शेताच्या बांधापलीकडे, जंगलाच्या बाजूला सुक्या पाचोळ्यात शेकोटी पेटवली होती. मे महिन्यात! थंडी तरी होती का? गार्ड आला, एकटा, बरोबर तोच आमचा पोरगा. ग्रुप बारा जणांचा आणि त्यातले सात-आठ जण प्यायलेले. "आम्ही टॅक्स भरतो", "तुझं नाव काय सांग", एकाने फोन काढून कोणाला तरी लावला, रेंज नव्हती, देवाची कृपा. गार्डने आधी आग विझवली, दोन हंडे पाणी स्वतः ओतलं, काठीने राख उकरून परत ओतलं, आणि मग पावतीपुस्तक काढलं. अभयारण्यात जाळ करणं हा गुन्हा आहे, केस झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर दंड एक लाखापर्यंत जाऊ शकतो, हे त्याने इतक्या कंटाळलेल्या आवाजात सांगितलं की ह्या आठवड्यात कितव्यांदा सांगत होता कोणास ठाऊक. पावती फाटली. ग्रुप झोपला.

कासच्या पठारावर फुलांच्या सीझनमध्ये दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आणि ऑनलाईन बुकिंग आहे तसं इथे शनिवार-रविवारपुरतं तरी कडक करावं असं माझं मत. बायको म्हणाली मग आपल्यालाच मिळालं नसतं. मिळालं नसतं तर नसतं.

सकाळी रतनवाडीला अमृतेश्वराचं दर्शन घेऊन परत निघालो तर नाक्यावर तो पोरगा दिसला, डोळे लाल, हातात कटिंग. पार्टी स्पीकरवाले आपला स्पीकर न्यायला आले होते, तोच त्यांना उचलून डिकीत ठेवू लागत होता. मी विचारलं, आता सीझन संपला की आराम ना? हसला. "कुठला ओ. पाऊस पडला की धबधब्यावर ड्युटी. तिथं तर माणसं पाण्यात उतरत्यात."