एक यंत्र, खाती अनेक

आमच्या वेळी शाळेच्या संगणक कक्षात संगणक खरं तर एकच होता. सरांच्या टेबलाशेजारी युनिक्स या कार्यप्रणालीवर (ऑपरेटिंग सिस्टिमवर) चालणारं यंत्र आणि त्याला वायरींनी जोडलेली टर्मिनलं, म्हणजे नुसते पडदे आणि कीबोर्ड. चित्रं नाहीत, माऊस नाही. काळ्या पडद्यावर फक्त ‘लॉगिन:’ आणि पुढे लुकलुकणारा कर्सर.

सरांनी प्रत्येकाला नाव दिलं होतं, लहान लिपीतलं. कॅप्स लॉक चालू राहिला की युनिक्सला वाटायचं, या टर्मिनलला मोठीच अक्षरं येतात. मग पुढचं सगळं मोठ्या लिपीत! सर शांतपणे कंट्रोल-डी दाबून पुन्हा सुरुवात करायला लावत.

पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नसे, फुल्यासुद्धा नाहीत; अक्षरं किती आहेत हेही मागे उभ्या असलेल्याला कळायला नको. चुकलं तर ‘लॉगिन इनकरेक्ट’, बस्स. नाव चुकलं की पासवर्ड, हे यंत्र मुद्दाम सांगत नाही, नाहीतर खात्यांची खरी नावं कुणालाही हुडकता येतील. सरांनी हे ज्या तळमळीने समजावलं, तसं पुढे कॉलेजातही कुणी समजावलं नाही.

सर म्हणजे रूट, यंत्रावर सगळे अधिकार असलेलं खातं. कुणाचीही फाइल त्यांना उघडता आली असती. पण आमच्या वर्गातला एकजण पासवर्ड विसरून रडवेला झाला, तेव्हा सर म्हणाले, “जुना मलाही दिसत नाही रे. नवा घाल,” आणि तो टाइप करेपर्यंत पाठ फिरवून उभे राहिले. यंत्र मूळ पासवर्ड ठेवतच नाही, त्याचं उलट न फिरवता येणारं रूप ठेवतं. युनिक्सवर काम करणाऱ्या मॉरिस आणि थॉम्पसन यांच्या १९७९च्या लेखात ती रीत सविस्तर दिली आहे, हे मला नोकरीत कळलं.

आज मी सर्व्हर सांभाळतो. दूरच्या यंत्रात शिरायला पूर्वी टेलनेट वापरायचे, त्यावरून पासवर्ड उघडाच जायचा. १९९५ साली फिनलंडमध्ये तातू युलोनेन यांनी एसएसएच हा सगळं सांकेतिक करून पाठवणारा प्रोग्रॅम लिहिला, तेव्हापासून तो वाटेत वाचता येत नाही. बाकी लॉगिनची रीत फारशी बदललेली नाही.

शाळेच्या नव्या कक्षात सगळी मुलं एकाच सामायिक नावाने शिरतात असं ऐकलं. शाळेच्या महोत्सवाच्या निमित्ताने माझी कळकळीची विनंती आहे, प्रत्येक मुलाला स्वतःचं खातं द्या. युनिक्ससारखीच कार्यप्रणाली असलेल्या लिनक्सला परवान्याचा खर्च नाही. बसवून द्यायला मी कुठल्याही रविवारी येईन.