एक अंशाचा उतार

दुपारी टेबलावर ठेवलेली पेन्सिल आपली आपण घरंगळत निघाली, म्हणून फोनमधली पाणसळ उघडली. फोन आडवा ठेवला तर बुडबुडा सरकला आणि आकडा आला: एक अंश. इथेच थांबायला हवं होतं. पण मग फ्रिज मोजला, खिडकीची चौकट मोजली, भिंतीवरचं चित्र मोजलं. पुस्तकांचं कपाट तर चक्क ओणवं निघालं. तासाभरात घरात सरळ म्हणावं असं काही उरलं नाही.

लहानपणी शेजारी भिंत बांधायला घेतली होती. गवंडीकाकांच्या पाणसळीवर माझा फार डोळा. ते जेवायला बसले की ती घटकाभर माझ्या हातात यायची. पायरी, ओटा, पाण्याचं पिंप असं सगळं मोजून झाल्यावर एकदा मी ताठ उभं राहून ती डोक्यावर आडवी धरली. आता बुडबुडा मला कसा दिसणार? काकांना विचारलं, "मधे आहे का?" घास हातात तसाच धरून त्यांनी नीट निरखून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "जरा डावीकडं." तेव्हापासून फोटो काढताना मी मान किंचित उजवीकडे झुकवते. फोटोग्राफर ती सरळ करतात, मी पुन्हा झुकवते.

फोनमध्ये अर्थात बुडबुडा वगैरे काही नसतो. सिलिकॉनची केसाहून बारीक बोटं आत झुलत असतात. फोन कलला की त्यांच्यामधलं अंतर बदलतं आणि 'खाली' कुठे आहे ते फोनला समजतं. स्क्रीन आडवी-उभी करायला एवढी सोय पुरेशी होती. पण २००८ मध्ये स्टीव्ह शेराटन नावाच्या जादूगाराने तिच्यावर आयबिअर नावाचं ॲप काढलं. फोनच्या पडद्यावर फेसाळलेला ग्लास. फोन तोंडाला लावून तिरपा केला की बिअर संपत जायची. लोकांनी पैसे मोजून ते घेतलं, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. जादूगाराला हातातली वस्तू दुसऱ्यासमोर कशी धरायची ते माहीत असतं. असली ॲप्स एकट्याने उघडायचीच नसतात. एकट्याने खोटी बिअर पिणाऱ्या माणसाची मला काळजी वाटेल.

आमच्याकडे बोलका टॉम आला तेव्हा मी तो पहिल्यांदा आजोबांना दाखवला. आपण बोलू ते किनऱ्या आवाजात परत म्हणणारं ते मांजर, २०१० सालचं. आजोबांनी चष्मा लावला, फोन जवळ घेतला आणि प्रेमाने विचारलं, "काय रे, कसा आहेस?" मांजर म्हणालं, "काय रे, कसा आहेस?" आजोबांचा चेहरा पडला. फोन माझ्या हातात देत म्हणाले, "मोठ्यांशी कसं बोलावं ते शिकवा आधी." नंतर कितीही समजावलं तरी त्यांचं आणि टॉमचं जमलं नाही. माझ्या भावाने मग मांजरासमोर "आजोबा, कसे आहात?" असं म्हणून पाहिलं. मांजरही अदबीने तेच म्हणालं. आजोबांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही.

दाखवण्याची हौस टोकाला गेली की काय होतं, तेही त्याच २००८ च्या ऑगस्टमध्ये दिसलं. 'आय ॲम रिच' नावाचं ॲप होतं. किंमत ९९९.९९ डॉलर. उघडल्यावर पडद्यावर एक लाल खडा चमकायचा, बस. ॲपलने ते लगेच काढून टाकलं, पण तेवढ्यात आठ जणांनी घेतलं होतं म्हणतात. चावटपणा खरा, पण त्याने 'मी उपयोगाचा आहे' असा आव तरी आणला नाही. उलट २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका टॉर्चच्या ॲपवर कारवाई केली, कारण ते उजेड देता देता वापरणाऱ्याचा ठावठिकाणा जाहिरातवाल्यांना पुरवत होतं. नुसता टॉर्च! उपयोगी म्हणवणाऱ्या ॲप्सकडे मी तेव्हापासून जरा तिरकंच पाहते.

चार मिनिटांत कंटाळा आला पाहिजे, ही माझी गमतीच्या ॲपची कसोटी. म्हणून फ्लॅपी बर्डबद्दल मला नीट मत बनवता येत नाही. व्हिएतनामच्या डोंग न्गुयेनने २०१३ मध्ये तो खेळ आणला. पडद्यावर बोट टेकवायचं, पक्षी पाइपांच्या मधून न्यायचा, लगेच आपटायचा. पुढच्या फेब्रुवारीत, जगभर लोक त्याच्यामागे वेडे झालेले असताना, त्याने स्वतःच तो बाजारातून काढून घेतला. जरा विसाव्याला, काही मिनिटं खेळायला म्हणून केला होता, लोकांना त्याचं व्यसन लागलं, असं त्याचं म्हणणं. खेळ चालेना म्हणून गुंडाळणारे पुष्कळ असतात. हा फार चालला म्हणून गुंडाळला. आणि लोकांनी काय केलं, तर तो खेळ आत असलेले आपले फोन अव्वाच्या सव्वा भावाने विकायला काढले.