शेगावले पायी, पण आपापल्या पायाने

मेळघाट इतका जवळ असून तुम्ही डांबरी रस्त्यानं काय चालता बे, असं पुण्यातले दोस्त दरवर्षी विचारतात. आता त्याईले कोण सांगणार की तिथं १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, मनात येईल तसं पायी घुसता येत नाही, जिप्सीत बसा, गाईड घ्या आन् गुपचूप फिरून या. चिखलदऱ्याले एक दिवस भटकणं वेगळं. सलग काही दिवस चालायचं, रात्री दिसेल तिथं आडवं व्हायचं आन् पहाटे पुन्हा बूट चढवायचे, हे आमच्या इकडं ज्याले करायचं असते तो शेगावचा रस्ता धरते. आमच्यात सगळेच भाविक आहेत असं नाही हं. एक तर उघड नास्तिक आहे आन् नेमका तोच सगळ्यात पुढं चालते.

आम्ही निघतो परतवाड्याकडून. अंजनगाव सुर्जी, अकोट, मुंडगाव, मग पूर्णा ओलांडली की शेगाव, शंभराच्या वर किलोमीटर भरते. गजानन महाराजांचा प्रकटदिन माघ वद्य सप्तमीचा (महाराज १८७८ साली याच तिथीले शेगावात पहिल्यांदा दिसले), त्यामुळं पहाटे कानटोपी लागते आन् दुपारी डोक्यावर ओला दुपट्टा. सुरुवातीले संत्र्याचे बगीचे, अंजनगावकडं पानमळे आन् पानपिंपरी, म्हणजे अर्धी वाट तरी डोळ्याले हिरवं दिसते. आमच्यातला मास्तर अंजनगावात दरवर्षी थांबून सांगतेच, की १८०३ मध्ये गाविलगड पडल्यावर शिंद्यांचा इंग्रजांशी तह इथंच झाला. आम्ही तोवर कचोरी खाऊन घेतो.

अकोट सोडून पूर्णेकडं उतरलं की मामला बदलते. सपाट काळी जमीन, फेब्रुवारीतच भेगा पडलेल्या, सावली म्हणजे कुठं एखादा निंब नाहीतर बाभूळ. हा खारपाण पट्टा. अकोला, अमरावती, बुलडाण्यातली शेकडो गावं यात येतात, जमिनीखालचं पाणीच खारट. हापसा दिसला म्हणून धावत जायचं नाही. त्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही, डाळ शिजता शिजत नाही, आन् पोटात गेलं की तहान उलटी वाढते. त्यामुळं आमचा हिशोब गावातल्या नळावर, वान धरणाचं पाणी जिथं येते तिथं बाटल्या भरायच्या, नाहीतर सरळ विकतचं कॅन. एका गावात एका आजीनं हाका मारून ओट्यावर बसवलं, "चा पिऊन जा ना बाप्पा, असे कसे चालले." नळ कधी येते विचारलं तर हसली, म्हणे आला की येते. चहासाठी तिनं कोपऱ्यातली झाकलेली कळशी उघडली, घरच्यांसाठी भरलेलं गोड पाणी ते. बाहेरच्या टाकीतलं घातलं तर दूध फाटते म्हणे. त्या कळशीतून सहा कप चहा निघाला आन् कळशी बरीच खाली गेली, ते आम्ही सगळ्यांनीच पाह्यलं, कोणी दुसरा कप मागितला नाही. महाराजांनी अकोलीले कोरड्या विहिरीले पाणी आणलं ही गोष्ट इकडं लहानपणापासून ऐकतो, पण या रस्त्यानं चालल्यावर समजते की लोकाईले हाच चमत्कार एवढा जवळचा काऊन वाटत असन.

आता मुद्द्याची गोष्ट. दोस्तांसोबत लांब चालायचं असन तर सोबत चालू नका. खरंच सांगतो. प्रत्येकाची चाल ठरलेली असते, आन् जोरात चालणाऱ्याले हळू चालवलं तरी त्याचे गुडघे दुखतात, हळू चालणाऱ्याले ओढलं तर त्याच्या तळव्याले फोड येतात, मग संध्याकाळी दोघंही तोंड पाडून बसतात आन् भांडण होते ते मात्र पंख्याखाली कोण झोपणार यावर. म्हणून आम्ही फक्त थांबे ठरवतो. पुढचा चहा अमुक फाट्यावर, जेवण तमुक देवळात, मधात ज्याले जसं जमते तसं. कोणी मोबाईलवर भजन लावते, कोणी कापसाचे भाव बोलते, कोणी दोन तास एक शब्द बोलत नाही आन् त्याले कोणी विचारत नाही काय झालं म्हणून.

पण यात एक नियम पाळाच लागते. पुढचे लोक फाट्यावर पोचतात, अर्धा तास मस्त पाय पसरतात, आन् शेवटचा दिसला की "चला चला" करत उठतात. म्हणजे ज्याले आरामाची सगळ्यात जास्त गरज त्यालेच आराम नाही! बऱ्याच ग्रुपमध्ये हेच होते आन् मग तो शेवटचा पुढच्या वर्षी येत नाही, लोक म्हणतात त्याले झेपलं नाही. आमच्यात शेवटच्यानं बूट काढले, पाणी पेलं, मोजे वाळत टाकले, की तिथून पंधरा मिनिटं मोजायची. घड्याळ त्याच्याच हातात.

पायाचं म्हणाल तर नवे बूट घालून येणाऱ्याले देवही वाचवत नाही. जुनेच, थोडे सैल, कारण दुपारपर्यंत पाय सुजतात. मांड्या घासतात हे कोणी सांगत नाही, खोबरेलची छोटी बाटली खिशात ठेवा, लाज सोडा. टाच लाल झाली की तिथंच थांबून चिकटपट्टी लावा, पुढच्या गावात पाहू म्हणू नका. मास्तर तर दर थांब्यावर मोजे उलटे करून झटकते, बोटांच्या मधात फुंकर मारते, एकेक बोट पुसते, आन् हे सगळं शेजारी पिठलं-भाकर खाणाऱ्या माणसाच्या नाकासमोर.

रात्री झेडपी शाळेचा व्हरांडा नाहीतर देवळाचा सभामंडप. गादी-सामानाले छोटा हत्ती टेम्पो घेऊन चालणारे ग्रुप आहेत, त्याईचं त्याईले लखलाभ, मले विचाराल तर गाडी सोबत असली की माणूस दुपारी तीनले तिच्याकडंच पाहत राहते. पहाटे अंधारात निघालं तर पांढरे कपडे आन् शेवटच्याच्या पाठीवर लाल लाईट हवाच, ट्रॅक्टरवाल्याले वर रचलेल्या कापसामुळं मागचं तर दिसतच नाही, पुढचंही देवाच्याच भरोशावर.

शेगावात पोचलं की दर्शनाची लाईन, तिथं कोणाचीच चाल चालत नाही, नास्तिकाचीही नाही. तो येते लाईनीत, महाप्रसादासाठी म्हणते. परतीले पायी यायचं कोणी नाव काढत नाही, सरळ अकोटची एसटी. पुढच्या वर्षी निघायचा दिवस एक आधी घ्यायचा का यावर गाडीत वाद सुरू झाला तो अकोट स्टँडवर उतरेपर्यंत मिटला नाही, मास्तरले सुट्टीचा प्रॉब्लेम आहे.