सासूबाईंच्या नावाचा मसाला दुबईला पाठवताना

माल परदेशी पाठवायचा म्हटलं की आयईसी कोड (निर्यातीला लागणारा क्रमांक) काढा, एफएसएसएआयचं (अन्न परवान्याचं) बघा, कंटेनरचं भाडं विचारा, हे सगळे सांगतात. पाकिटावरचं नाव तिकडे कोणाच्या मालकीचं राहील, हे कोणी विचारत नाही. आमचा अमळनेरचा छोटा कारखाना. काळा मसाला आणि शेवभाजीचा मसाला, दोन्ही सासूबाईंच्या नावाने विकतो. आखातात आपल्याकडची पोरं बरीच आहेत, त्यांच्यामुळे दुबईहून मागणी आली. तिथला वितरक म्हणाला, "ताई, इथल्या ट्रेडमार्कचं टेन्शन घेऊ नका. मी माझ्या कंपनीच्या नावावर करून घेतो, खर्चही माझा."

मला हे पटलं नाही. भारतातला ट्रेडमार्क भारतापुरताच चालतो. तिकडे नाव त्याच्या कंपनीचं झालं आणि उद्या आम्ही दुसरा वितरक नेमला, तर हाच माणूस आमची पेटी कस्टममध्ये अडवू शकतो. माणूस वाईट होता असं नाही, पण आपलं नाव दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर कशाला चढवायचं?

जळगावच्या एका ट्रेडमार्क एजंटकडे गेलो. मला नावात 'खान्देशी' हवं होतं. ते म्हणाले, प्रदेशाच्या आणि पदार्थाच्या नावावर एकट्याचा हक्क मिळत नाही, सासूबाईंचं नाव आणि त्यांचं रेखाचित्र हेच तुमचं बळ. ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग पाडलेले असतात, त्यात मसाले वर्ग ३० मध्ये येतात. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४५०० रुपये.

पुढचा रस्ता माद्रिद प्रोटोकॉलचा, म्हणजे एकाच अर्जात अनेक देशांत ट्रेडमार्क मागता येतो त्या आंतरराष्ट्रीय कराराचा. भारत त्यात २०१३ मध्ये गेला, संयुक्त अरब अमिराती डिसेंबर २०२१ मध्ये. भारतातल्या अर्जाच्या आधारावर आपल्याच ट्रेडमार्क कार्यालयामार्फत जिनिव्हाच्या 'वायपो'कडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे) एकच अर्ज जातो आणि त्यातच देश निवडता येतात. भारतातल्या अर्जानंतर सहा महिन्यांच्या आत केला, तर तिकडेही भारतातलीच तारीख धरली जाते. चिन्ह काळ्या-पांढऱ्यात दिलं तर मूळ फी ६५३ स्विस फ्रँक, रंगीत दिलं तर ९०३. आम्ही काळं-पांढरंच दिलं. शिवाय निवडलेल्या देशाची फी वेगळी आणि आपल्या कार्यालयाचं हाताळणी शुल्क ५००० रुपये. आमच्याएवढ्या धंद्याला हा आकडा बोचतो, खोटं कशाला बोलू.

खरी धाकधूक त्यानंतर सुरू झाली. पहिली पाच वर्षं आंतरराष्ट्रीय नोंदणी भारतातल्या अर्जावर टेकलेली असते. इथला अर्ज पडला की तिकडचंही पडतं. आणि नेमकी इथल्या तपासणी अहवालात हरकत आली, चित्राखालचे शब्द वर्णनात्मक आहेत, म्हणजे नुसतं मालाचं वर्णन करतात, म्हणून. उत्तराला ३० दिवस. एजंटनी उत्तर तयार केलं, आम्ही जुनी बिलं, पाकिटं, जत्रेतल्या स्टॉलचे फोटो असा सगळा पुरावा जोडला. हरकत निघाली, सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये जाहिरात आली आणि विरोधासाठीचे चार महिने शांततेत गेले. अमिरातीच्या उत्तराला मात्र वेळ लागला. नकार कळवायला देशांना १२ किंवा १८ महिन्यांची मुदत असते, तेव्हा धीर धरावाच लागतो.

तिकडे लेबलवर अरबी मजकूर लागतो. अरबी स्टिकर वितरकच छापणार होता, म्हणजे अरबीतलं नाव तोच ठरवणार. हे लक्षात आल्यावर अरबी लिपीतल्या नावाचाही इथे वेगळा अर्ज केला, कारण माद्रिदमध्ये भारतातलं चिन्ह जसंच्या तसं लागतं.

सगळ्यात दुर्लक्षित कागद पाकिटाच्या चित्राचा. ते धुळ्याच्या एका मुलाने काढलं होतं. पैसे दिले म्हणजे चित्र आपलं झालं असं आपण धरून चालतो. पण लेखी काही नसलं तर उद्या वाद होऊ शकतो, म्हणून बाहेरच्या चित्रकाराकडून हक्क लेखी घेतलेला बरा. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच हक्क मिळतो. म्हणून 'जगभर, पूर्ण मुदतीसाठी' असं लिहून त्याची सही घेतली. पोरगं हसत म्हणालं, "वहिनी, एवढ्याशा चित्राले एवढा मोठा कागद?" पाउच छापायचे कोरीव सिलिंडर छापखान्यात असतात, तेही आमच्या मालकीचे असल्याचं लिहून घेतलं.

गल्लीत सगळे विचारायचे, मसाल्याचं पेटंट का नाही काढत? हळदीची गोष्ट सगळ्यांना पाठ. जखमेवर हळद लावण्याचं १९९५ चं अमेरिकन पेटंट आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने लढून १९९७ मध्ये रद्द करवलं. त्यात मुद्दाच हा होता की जुन्या माहितीला पेटंट मिळत नाही. आणि मिळालं असतं तरी प्रमाण जगासमोर छापावं लागतं. आम्ही प्रमाण घरातच ठेवलं. वितरकाने लेबलसाठी टक्केवारीसकट कृती मागितली, तेव्हा घटकांची नावं उतरत्या क्रमाने दिली, तेवढीच.

करारात शेवटी इतकंच घातलं, की नाव, चित्र आणि अरबी रूप आमचं, त्याला फक्त वापरायची परवानगी, तीही करार असेपर्यंत. तो कुरकुरला. महिनाभर फोन नाही केला. मग ऑर्डर घेऊनच फोन आला आणि त्याने सही केली. आता ओमानहून विचारणा आहे. ओमानही माद्रिदमध्ये असल्यामुळे त्याच नोंदणीत तो देश वाढवता येतो. फीचा हिशेब सासऱ्यांनी मागितलाय.