तांबड्या टोपणाची सिरिंज

मी सोलापुरातल्या एका रुग्णालयात स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डात सिस्टर आहे. सकाळच्या ड्युटीला निघण्यापूर्वी पवित्र शास्त्रातला त्या दिवसाचा उतारा वाचायचा, ही आमच्या घरात अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेच्या वेळेपासून चालत आलेली रीत आहे. त्या दिवशी योहानाच्या शुभवर्तमानाचा 21 वा अध्याय होता. पुनरुत्थित प्रभू समुद्रकिनारी कोळशाचा विस्तव करून शिष्यांना न्याहारीला बोलावतो आणि त्यांच्यातल्या पेत्राला तीनदा विचारतो, "तू माझ्यावर प्रीती करतोस काय?" उतारा पाठ असल्यासारखाच होता, म्हणून भाकरी तव्यावर असताना अर्ध्या लक्षाने वाचला.

वॉर्डात पूर्व भागातली एक विडी कामगार मावशी दाखल होती. तिला नाश्त्यापूर्वी 16 युनिट इन्सुलिन लिहिलेले होते आणि वॉर्डातला साठा संपल्यामुळे तिच्या मुलीने बाटली बाहेरून आणली होती. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असलेली आणि 100 युनिट असलेली, आणि प्रत्येकीची सिरिंज वेगळी असते. 40 च्या सिरिंजचे टोपण तांबडे, 100 च्या सिरिंजचे नारिंगी. शंभराच्या बाटलीतून तांबड्या टोपणाच्या सिरिंजमध्ये 16 च्या रेघेपर्यंत औषध ओढले, तर ते 0.4 मिलिलिटर भरते, म्हणजे 40 युनिट, अडीचपट. हे गणित मी स्वतः शिकाऊ मुलींना फळ्यावर मांडून दाखवते. दोन्ही सिरिंजा एका ट्रेमध्ये ठेवू नयेत म्हणून मी दोनदा लेखी मागणी केली होती, तिचे काही झाले नाही, आणि एका सिस्टरने किती खाटा सांभाळाव्यात याचा हिशोब करणाऱ्यांनी एकदा सकाळी आठ वाजता वॉर्डात उभे राहून पाहावे असे मला आजही वाटते. परंतु बाटलीवरचा आकडा वाचणे माझे काम होते, आणि तो मी वाचला नाही.

साडेदहाच्या सुमारास मुलीने हाक मारली. मावशीच्या कपाळावर घामाचे टपोरे थेंब होते, चादर भिजली होती, आणि उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी हवेतच काहीतरी वळत होती, जणू मांडीवर सूप आहे आणि हातात पान. ग्लुकोमीटरवर साखर 38 आली, धोक्याची कमी. आम्ही 25 टक्के डेक्स्ट्रोज 100 मिलिलिटर शिरेतून दिले आणि मागोमाग 10 टक्के डेक्स्ट्रोजची, म्हणजे साखरेच्या पाण्याची, सलाईन लावली. डॉक्टरांनी विचारले, "सिस्टर, डोस किती गेला?" तोपर्यंत ट्रेमधले तांबडे टोपण मला दिसले होते. मी म्हणाले, "सोळा." विचार करून खोटे बोलले असते, तर कदाचित आज इतकी हादरलेली नसते, ते तोंडातून आपोआप निघाले.

अर्ध्या तासाने साखर 150 वर आली आणि डॉक्टर सलाईन बंद करायला सांगू लागले. सोळा युनिटांच्या हिशोबाने ते चूक नव्हते. पण चाळीस युनिट अंगात होते, त्यांचा जोर ओसरायला वेळ होता, आणि सलाईन थांबली असती तर साखर पुन्हा कोसळली असती. तेव्हा कुठे मी खरे सांगितले. ते रागावले नाहीत. सलाईन चालू ठेवली आणि दर तासाला साखर तपासायला सांगितली, एवढेच. एका ज्येष्ठ सहकारी सिस्टरने मात्र मला बाजूला घेऊन सांगितले की, झाले ते निस्तरले, लेखी कशाला देता. आमच्या पेशात याला सांभाळून घेणे म्हणतात. मीही अनेकींना असे सांभाळून घेतले आहे, आणि ती कृपाच आहे असे इतकी वर्षे मानत आले.

प्रभूला धरून नेले त्या रात्री पेत्र "मी त्याचा शिष्य नाही" म्हणत त्याला तीनदा नाकारतो, तेव्हा तो ज्या विस्तवाशी शेकत उभा असतो, तोही कोळशाचाच. योहानाने दोन्हीकडे वापरलेला ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात याच दोन ठिकाणी येतो. प्रभूने त्याला तशाच विस्तवापाशी परत आणले, झाले गेले सोडून दे असे म्हटले नाही, आणि तिसऱ्या प्रश्नाला पेत्र दुःखी झाला तरी तो प्रश्न टाळला नाही. आणि हाच प्रभू, लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे त्याप्रमाणे, पेत्राने नाकारण्याच्या आधीच त्याला सांगून चुकला होता की, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. आधी विनंती केलेली आणि तरीही प्रश्न विचारलेला, या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे मला त्या दुपारपर्यंत कधी विचारावेसेही वाटले नव्हते.

मी घटनेचा फॉर्म भरला. संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी मावशीच्या खाटेपाशी बसले आणि माझ्या हातून औषध जास्त गेले, म्हणून तुम्हाला त्रास झाला, असे तिला आणि तिच्या मुलीला स्पष्ट सांगितले. मुलगी गप्प राहिली. तिचा राग मला दिसत होता, आणि तो रास्त होता. मावशीला सगळे कळले की नाही, याचा मला अजून अंदाज येत नाही. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाली, "उद्या बी सुई तूच दे, बाई. तुझा हात हलका हाय."

दुसऱ्या दिवशी मी बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचला, नारिंगी टोपणाची सिरिंज काढली आणि सोबतच्या सिस्टरला रेघ दाखवली. मावशीने पदर बाजूला करून पोट पुढे केले आणि डोळे मिटून घेतले.